गणित विभागातील निवृत्तांची नोंदवही कशी तयार करावी

विद्यापीठाच्या बहुतेक विभागांत प्रमुखांच्या दालनात एक लाकडी फलक असतो. त्यावर आजवरच्या विभागप्रमुखांची नावे आणि कार्यकाळाची वर्षे रंगवलेली असतात, आणि विभागाला पंचवीस किंवा पन्नास वर्षे पूर्ण झाली की स्मरणिकेसाठी हाच फलक उतरवून घेऊन त्याला ‘निवृत्त प्राध्यापकांची यादी’ असे नाव दिले जाते. ज्यांच्या वाट्याला प्रमुखपद कधी आले नाही असे अधिव्याख्याते, पंचवीस-तीस वर्षे आवक-जावक नोंदवही सांभाळणारे लिपिक आणि रोज सकाळी वर्गखोल्यांची कुलपे उघडणारे शिपाई या फलकावर नसतात. नागपुरातील एका गणित विभागासाठी निवृत्तांची नोंदवही करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मीही फलकापासूनच सुरुवात केली आणि दोन महिने वाया घालवले. सुरुवात कार्यालयापासून करायला हवी होती, हे मला उशिरा समजले. त्यानंतर जी रीत हाती लागली ती पुढे देत आहे.

आधी सीमा ठरवावी

नावे गोळा करण्यापूर्वी नोंदवहीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हे लिहून काढावे. नागपुरात हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. ‘मी नागपूर विद्यापीठात गणित शिकवीत होतो’ असे एखाद्या ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितले, तर त्याचे किमान तीन अर्थ होतात: ते विद्यापीठाच्या स्वतःच्या पदव्युत्तर विभागात असतील, शासनाच्या विज्ञान संस्थेत असतील किंवा एखाद्या संलग्न महाविद्यालयात असतील. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ पासून आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ पासून, म्हणजे १९२३ साली विद्यापीठ स्थापन होण्याच्या कितीतरी आधीपासून शहरात आहे. शिवाय १९८३ मध्ये अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत अकोला, अमरावती किंवा यवतमाळ येथील महाविद्यालयातील शिक्षकही नागपूर विद्यापीठाचेच म्हणवले जात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडील महाविद्यालये २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत नागपूरकडेच होती. या सगळ्यांना एका वहीत घ्यायचे ठरवले तर ते काम एका माणसाच्या आयुष्यात संपणारे नाही. म्हणून विभागाच्या आस्थापनेवर ज्यांनी सलग काही ठरावीक काळ, समजा तीन वर्षे, काम केले तेवढ्यांचीच मुख्य नोंद करावी, आणि तासिका तत्त्वावर किंवा मानधनावर येऊन शिकवणाऱ्यांसाठी मागे वेगळे पान ठेवावे.

दोन प्रकारच्या व्यक्तींचा निर्णय मात्र घाईने करू नये. सेवेत असतानाच ज्यांचे निधन झाले ते तांत्रिक अर्थाने निवृत्त नव्हेत, आणि राजीनामा देऊन दुसऱ्या संस्थेत गेलेलेही नव्हेत. पहिल्यांना वगळणे मला योग्य वाटत नाही. त्यांचा स्वतंत्र विभाग करून तो मुख्य यादीच्या लगतच ठेवावा, शेवटी परिशिष्टात ढकलू नये. राजीनामा देऊन गेलेल्यांची नावे, वर्षे आणि पुढे कोठे गेले एवढी एक ओळ पुरते.

कागद कोठे सापडतात

विद्यापीठाचे वार्षिक अहवाल, जुनी कॅलेंडरे, ज्येष्ठता याद्या, अर्थसंकल्पातील मंजूर पदांची पाने आणि अधिसभेची कार्यवृत्ते हे पहिले स्रोत होत. ज्येष्ठता यादीत नेमणुकीची तारीख आणि जन्मतारीख एकाच ओळीत मिळते, म्हणून ती आधी पाहावी. १९५६ पूर्वीचे कागद पाहताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्य आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. त्यामुळे एकाच माणसाच्या सेवेतील कागदांवर तीन राज्यांचे शिक्के सापडू शकतात, आणि शासकीय संस्थेतील शिक्षकाची बदली एका काळात जबलपूरला तर पुढच्या काळात मुंबईला झालेली आढळली, तर ती चूक समजून खोडू नये. विद्यापीठाच्या नावापुढे ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज’ हे २००५ पासून लागले, तेव्हा त्याआधीच्या नोंदीत जुनेच नाव ठेवावे.

पदनामांचाही असाच घोळ होतो. पूर्वीचे अधिव्याख्याता (लेक्चरर) आणि प्रपाठक (रीडर) ही पदे सहाव्या वेतन आयोगानंतर सहायक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक झाली. जो गृहस्थ १९९५ साली प्रपाठक म्हणून निवृत्त झाला त्याला आजच्या भाषेत सहयोगी प्राध्यापक करण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या निवृत्तीच्या आदेशावर तो शब्द नाही. बोलण्यात आपण महाविद्यालयातील प्रत्येकाला प्राध्यापक म्हणतो आणि निधनवार्तेत तर प्रत्येक जण माजी विभागप्रमुख असतो, म्हणून वर्तमानपत्रातील पदनाम दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

माझ्या मते या कामाचा सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत दुर्लक्षित स्रोत म्हणजे ग्रंथालयातील पीएच.डी.चे जुने प्रबंध. नागपूर आणि एकूण विदर्भात आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धांतावर बरेच संशोधन झाले, आणि त्या काळातले प्रबंध हातात घेतले की टंकलेखनयंत्रावर उमटलेल्या ओळींच्या मध्ये शाईने हाताने लिहिलेली समीकरणे दिसतात, कारण यंत्रावर ग्रीक अक्षरे आणि वर-खाली येणारे निर्देशांक नसत. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावरून त्या वर्षी तो कोणत्या पदावर होता हे कळते. पण खरे पान त्यापुढचे आहे, ऋणनिर्देशाचे. तेथे गुरूचे, पत्नीचे आणि आईवडिलांचे आभार मानून झाले की शेवटच्या चार ओळींत ‘टंकलेखन अचूक करून दिल्याबद्दल’ अमुक आणि ‘ग्रंथालयात वेळोवेळी साहाय्य केल्याबद्दल’ तमुक असे येते. मी पाहिलेल्या एका प्रबंधात समीकरणे भरून देणाऱ्या हाताचे नाव स्वतंत्र वाक्यात होते, आणि तो हात विभागातील कनिष्ठ लिपिकाचा होता. त्याच्या आस्थापनेचा दुसरा एकही कागद तोवर मला सापडला नव्हता.

लिपिक आणि शिपाई

रसायनशास्त्रात किंवा भौतिकशास्त्रात प्रयोगशाळा असल्यामुळे तेथे प्रयोगशाळा सहायक आणि परिचरांची मोठी फळी असते. गणित विभागाला खडू, फळा आणि कपाटभर पुस्तके एवढेच लागते, म्हणून त्याचा शिक्षकेतर कर्मचारीवर्ग एक-दोन लिपिक आणि एक-दोन शिपाई इतकाच असतो. माणसे थोडी असल्याने त्यांची यादी सोपी असेल, असे वाटते. प्रत्यक्षात ती सर्वांत अवघड ठरते. शिक्षक विभागाचा असतो, तर लिपिक विद्यापीठाचा. त्याची बदली परीक्षा विभागात, तेथून लेखा शाखेत आणि तेथून दुसऱ्या एखाद्या पदव्युत्तर विभागात होत राहते. ज्याने गणित विभागात अठरा वर्षे काढली तो कागदोपत्री परीक्षा विभागातून निवृत्त झालेला असतो आणि त्याचा निरोपसमारंभही तेथेच झालेला असतो. ‘विभागातून निवृत्त’ अशी अट घातली की तो वहीबाहेर जातो. म्हणूनच वर सांगितलेली सलग सेवेची अट घालावी, निवृत्तीच्या ठिकाणाची घालू नये.

यांची नावे मिळवण्यासाठी जुने हजेरीपट पाहावेत. ते नसतील तर आवक-जावक नोंदवह्यांतील हस्ताक्षर पाहावे. अक्षर बदलले की माणूस बदलला, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो आणि तारखेचीही जवळपास निश्चिती होते. मग ते पान भ्रमणध्वनीवर छायाचित्रित करून एखाद्या निवृत्त लिपिकाला दाखवावे. मी असे एक पान दाखवले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी चष्माही न लावता नाव सांगितले आणि वर म्हणाले, ‘सात आकड्याला अशी आडवी रेघ तोच मारत होता ना बाप्पा!’

शिक्षकांच्या आधी कर्मचाऱ्यांना भेटावे, असे मी आग्रहाने सांगतो. शिक्षकाला आपले विद्यार्थी आणि आपले विषय आठवतात. कोण कोणत्या खोलीत बसत होता, कोण कधी रुजू झाला, कोणाची रजा किती लांबली, कोणाच्या जागी कोण आला हे शिपायाला आठवते. माझ्या वहीतील शिक्षकांच्या क्रमाच्या चार चुका एका निवृत्त शिपायानेच दुरुस्त केल्या. आणखी एक सूचना: शिक्षकांची यादी आधी आणि कर्मचाऱ्यांची शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत, अशी मांडणी करू नये. रुजू होण्याच्या तारखेनुसार सर्वांची एकच यादी करावी आणि पदनामाचा स्तंभ वेगळा ठेवावा. आमच्या वहीबाबत या मांडणीवर दोघांनी नाराजी व्यक्त केली, ती मी ऐकून घेतली आणि मांडणी तशीच ठेवली.

तारखांचा हिशेब

निवृत्तीची तारीख ही गणिताच्या माणसाला चुकू नये अशी गोष्ट आहे, तरी ती सर्वांत जास्त चुकते. नियम असा की ज्या महिन्यात वयाची मर्यादा पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. मात्र जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. शिक्षकांसाठी ही मर्यादा साधारणतः ६० वर्षे, लिपिकवर्गीय कर्मचाऱ्यांसाठी ५८ आणि चतुर्थ श्रेणीसाठी ६० राहिली आहे. म्हणजे १२ नोव्हेंबर १९४८ रोजी जन्मलेले शिक्षक ३० नोव्हेंबर २००८ रोजी निवृत्त होतील, आणि १ जुलै १९४८ ही जन्मतारीख असलेले ३० जून २००८ रोजी. कोणी १ जुलै २००८ ही निवृत्तीची तारीख सांगितली, तर ती तपासून पाहावी.

१ जुलै हे उदाहरण मी मुद्दाम घेतले. त्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून किंवा १ जुलै अशी लिहिलेली असते, त्यामुळे निवृत्तांच्या याद्यांत ३१ मे आणि ३० जून या तारखांची गर्दी दिसते. ही गर्दी तुमची नकलेतील चूक नाही, हे ओळखावे. ३० जूनवाल्यांच्या मनात आणखी एक सल असतो. सहाव्या वेतन आयोगापासून वार्षिक वेतनवाढ सर्वांना १ जुलैला मिळू लागली आणि वर्षभर काम करूनही एका दिवसाने ती हुकली. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. भेटीत हा विषय निघाला की अर्धा तास जातो, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. आणि सेवापुस्तकातील तारीख पाहून वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊ नयेत. मी एका सरांना १ जुलैला सकाळी दूरध्वनी केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘अहो, आमचा जन्म दिवाळीतला.’

प्रत्येक तारखेसाठी दोन आधार असावेत: एक कागदाचा, एक माणसाचा. दोन्ही जुळले तर तारीख शाईने लिहावी. एकच आधार असेल तर पेन्सिलीने, आणि संगणकावर असेल तर वेगळ्या रंगाने.

नावे आणि त्यांचा क्रम

नाव संपूर्ण लिहावे: स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि आडनाव. नुसत्या आद्याक्षरांवर विसंबल्यास एकाच विभागातील दोन देशपांडे आणि तीन ठाकरे एकमेकांत मिसळतात. इंग्रजी कागदांवरून आडनाव मराठीत आणताना त्या व्यक्तीला किंवा कुटुंबाला विचारावे, कारण वानखेडे आणि वानखडे ही दोन्ही आडनावे विदर्भात आहेत आणि रोमन लिपीतील स्पेलिंगवर भरवसा ठेवता येत नाही. लग्नापूर्वी रुजू झालेल्या शिक्षिकांची नावे दोन ठिकाणी दोन प्रकारे सापडतात. दोन्ही नावे नोंदवून परस्परांचा निर्देश करावा.

अकारविल्हे सूची संगणकाकडून करून घेतली तर ती एकदा डोळ्यांखालून घालावी. संगणक ‘क्ष’ला ‘क’च्या पोटात घालतो, त्यामुळे क्षीरसागर हे कुलकर्णींच्या जवळपास जाऊन बसतात, तर आपल्या जुन्या कोशांच्या सवयीने वाचक त्यांना ‘ह’नंतर शोधतो. कोणताही एक क्रम चालेल, पण तो पहिल्या पानावर सांगावा. जुन्या स्मरणिकांचे मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपी या संगणकावरील जुन्या अक्षरसंचांत (फाँट) असतील, तर ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत आणि रूपांतरानंतर रफार व जोडाक्षरे हाताने तपासावीत, कारण बहुतेक चुका तेथेच होतात.

दिवंगत व्यक्तींच्या नावामागे सरसकट ‘कै.’ लावण्याची आपल्याकडे सवय आहे. ती येथे सोडावी. कैलासवासी हा शब्द प्रत्येकाच्या श्रद्धेचा नाही, आणि ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली तेथील विभागाच्या वहीत तर हे कोणी सांगण्याची वेळ येऊ नये. नावे सर्वांची साधी ठेवावीत, निधनाच्या तारखेचा स्तंभ करावा आणि गरज पडेल तेथे ‘दिवंगत’ लिहावे. निधनाची नोंद मात्र कुटुंबाशी बोलल्याशिवाय कधीही करू नये.

भेटीला जाताना

एप्रिल-मेमध्ये ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात असताना कोणाच्या घरी जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरातील या कामाचा हंगाम. नोव्हेंबरचा आणखी एक फायदा आहे. त्या महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तिवेतनधारक बँकेत येतात, एकमेकांना भेटतात आणि कोण मुलाकडे पुण्याला गेले, कोण परदेशी आहे, कोणाची प्रकृती बरी नाही हे सगळे तेथे कळते. मला चार जणांचे पत्ते एका बँकेच्या बाकावर मिळाले. सकाळी अकराच्या सुमारास, आधी वेळ ठरवून जावे आणि दुपारच्या विश्रांतीपूर्वी उठावे.

‘आठवणी सांगा’ असे म्हटले की माणूस भाषणाच्या सुरात जातो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी लहान, ठोस प्रश्न विचारावेत: पहिल्या वर्षी कोणता पेपर शिकवायला मिळाला, कोणत्या पुस्तकावरून शिकवला, शेजारच्या टेबलावर कोण होते, सायक्लोस्टाईलचे यंत्र कोठे होते आणि स्टेन्सिल कोण कापत होते, चहा कोठून येत होता. कर्मचाऱ्यांशी बोलताना त्यांना विभागात ज्या नावाने हाक मारीत तीच वापरू नये. ज्यांना सगळे एकेरीत बोलावत होते त्यांना आज ‘भाऊ’ किंवा ‘काका’ म्हणून, अहो-जाहो करूनच प्रश्न विचारावेत. संभाषण ध्वनिमुद्रित करायचे असेल तर परवानगी घ्यावी आणि उपकरण समोर, दिसेल असे ठेवावे.

सोबत निरोपसमारंभाचे एखादे समूहछायाचित्र मोठ्या आकारात छापून न्यावे. त्यावर पातळ बटर पेपर ठेवून प्रत्येक डोक्याचे वर्तुळ काढावे आणि त्यात क्रमांक घालावा, म्हणजे ‘डावीकडून तिसरे’ म्हणजे कोणाच्या डावीकडून, हा वाद उरत नाही. नावे किमान दोघांकडून, वेगवेगळ्या भेटींत विचारावीत. एकत्र विचारले तर दुसरा पहिल्याच्याच सुरात सूर मिळवतो. मूळ छायाचित्र मागून आणू नये, जागेवरच त्याची प्रत काढावी.

काय छापू नये

दोन वह्या कराव्यात. पहिली सर्वांसाठी: नाव, पद, विषय, सेवेचा कालावधी, मार्गदर्शन केलेले प्रबंध. दुसरी विभागाच्या कुलूपबंद कपाटासाठी: पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख, कुटुंबातील संपर्काची व्यक्ती. निवृत्तिवेतनाचा क्रमांक, आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील दोन्हींतही नको, कारण त्याचे विभागाला काही काम नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहेच, पण कायदा नसता तरी निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली फसवणारे फोन येतात, एवढे कारण पुरेसे आहे. प्रत्येकाकडून काय छापावे याची लेखी संमती घ्यावी, आणि कोणी ‘माझे नाव नको’ म्हटले तर कारण न विचारता ते काढावे.

एक नमुना देतो. ‘कनिष्ठ लिपिक, नंतर वरिष्ठ लिपिक, विभागात ऑगस्ट १९७४ ते मे १९९२, पुढे परीक्षा विभाग, निवृत्ती ३१ मे २००१. सात प्रबंधांतील समीकरणे हस्ताक्षरात.’ शिक्षकांच्या नोंदीही एवढ्याच लांबीच्या असाव्यात. पुरस्कारांची जंत्री ज्याला हवी त्याने ती गौरवग्रंथात पाहावी.

पहिला खर्डा तयार झाला की तो सोळा टाइपात, एका बाजूला, उजवीकडे रुंद समास सोडून छापावा आणि प्रत्येक निवृत्ताकडे टोक केलेल्या पेन्सिलीसह पाठवावा. आमच्या पंचवीस प्रतींपैकी एकोणीस परत आल्या. एका प्रतीवर निवृत्त शिपायांनी कोणत्या खोलीची किल्ली कोणत्या खिळ्याला अडकवलेली असे, त्याचा नकाशा मागच्या कोऱ्या बाजूवर काढून पाठवला होता. तो आता वहीच्या शेवटच्या पानावर आहे.